शेजारचं तबक

आमचं घराणं बंगळूरचं किती जुनं, हे बाबा पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगत. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज मराठी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. तरीही नव्वदनंतरच्या त्या वर्षांत कावेरीच्या पाण्यावरून तमिळ लोकांवर दगड पडले, तेव्हापासून आईने मला बजावून ठेवलं होतं, "रस्त्यात आई म्हणू नको गं, कन्नडात अम्मा म्हण." एवढे मुरलेले आम्ही, बाजारात मराठी बोलताना आवाज खाली घेत होतो!

बंगळूरच्या येलहंका भागात आमच्या भिंतीला लागून एक तमिळ कुटुंब राहायचं. तिथल्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. आईबरोबर तांदूळ निवडता निवडता त्या मराठी शिकल्या होत्या. मोडकीतोडकी, पण माझ्या चुलत्यांच्या मराठीपेक्षा गोड.

निवडणूक आली. उमेदवार दारी आला की बायकांनी ओवाळायचं, ही गल्लीची रीत. आमचं तबक काळवंडलेलं, म्हणून आईने मला अक्कांकडे पिटाळलं. त्यांनी आपलं पितळी तबक चिंचेने घासून दिलं, वर कापूरही ठेवला. "तुमचं झालं की लगेच आण हं, मग मी ओवाळते," म्हणाल्या. त्यांच्या दारात ताजी रांगोळी होती.

उमेदवार आला. आईने कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने शेजारच्या दाराकडे मान उडवली आणि बाबांना कन्नडात म्हणाला, "यांना एकदा यांच्या गावी धाडायला हवं. तुम्ही काय, आपलेच."

"सरी अण्णा," बाबा म्हणाले, म्हणजे बरं दादा. निम्म्या वयाच्या माणसाला अण्णा! वर हसलेही. अंगावरचं संकट टळल्यावर माणूस हसतो, तसं.

अक्का रांगोळीशी उभ्या होत्या, हात रिकामे, कारण तबक आमच्याकडे होतं. उमेदवाराचा घोळका त्यांचं दार टाळून पुढे गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर 'आपलेच' ऐकून आत कुठेतरी हायसंही वाटलं होतं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आईने तबकात साखर घातली.

"आता साखर कसली देतेस?" मी फणकारले.

"तू जा. मला तोंड दाखवायला होणार नाही."

अक्कांनी साखर डब्यात ओतली, तबक धुऊन फळीवर ठेवलं. मग स्वच्छ कन्नडात म्हणाल्या, "मिळाली म्हणून सांग." माझ्याशी कन्नड बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

मतदानाच्या दिवशी बायकांच्या रांगेत आम्ही बऱ्याच पुढे होतो. अक्का येताना दिसल्या आणि आई, कित्येक महिन्यांनी, भर रस्त्यात मोठ्याने मराठीत म्हणाली, "अक्का, या ना, माझ्यापुढे उभ्या राहा." सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

"परवागिल्ल," अक्का कन्नडातच म्हणाल्या, म्हणजे राहू द्या, आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.