चिंचेनं घासलेलं पितळ

दसऱ्याच्या पूजेसाठी तोफगोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं चिंचेनं घासत होतो. त्या आंबट वासानं वर्ध्याचं जुनं भंगार दुकान आठवलं.

तिथं हेच नळकांडं पाहून मी ‘तोफेचं हाय’ म्हटलं, तर एक गुरुजी हसले होते, “अबे, फुलदाणी हाय ते. तू चौथी नापास, तुले काय समजते?”

मी फौजेच्या डेपोत हमाली केलती. नळकांडं उलटं करून बुडाचा खळगा दाखवला. “हा तोफ डागतानाचा ठोका हाय, गुरुजी. फुलदाणीले कोण ठोकते?” शेजारून चिंच मागून घासली, तसा तोफेचा नंबर उमटला. तो गुरुजींनीच मोठ्यानं वाचला. पितळेच्या भावात मी ते घरी आणलं.

आज नागपूरहून आलेला एक जुन्या वस्तूंचा शौकीन माझं घासणं पाहून म्हणाला, “बाबाजी, घासून घासून जुनेपणाचा रंग उडवला, अर्धी किंमत घालवली तुम्ही.”

“मले इकाचंच नाई,” म्हटलं. “पुढच्या दसऱ्याले येजो, तुह्यासमोर घासतो.”