टॅम्पाची पोरं

वॉटफर्डला कौन्सिलमध्ये कचऱ्याच्या गाड्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या गिरीश मायदेवला ऑफिसात सगळे गॅरी म्हणत. सोमवारी सकाळी शेजारच्या टेबलावरचा कीथ विचारायचा, "ऑल राइट, गॅरी? डरहॅमचं काय झालं?"

"सहा-दोन. आपला लेफ्टी चांगला चाललाय."

कीथला दोन वर्षं वाटत होतं, की हा बाबा इकडच्या डरहॅमच्या क्रिकेटबद्दल बोलतोय. क्रिकेटमध्ये सहा-दोन हा कुठला स्कोअर, हे विचारायची त्याला लाज वाटे. गिरीशचं डरहॅम होतं अमेरिकेत. टॅम्पा बेच्या बेसबॉल टीमची होतकरू पोरं तिथे वर जायची वाट बघत खेळायची.

आणि टॅम्पाची मोठी टीम? ती हरायची. दहा वर्षांत नऊ वेळा तळाला. पण अमेरिकेत एक न्याय आहे: जो तळाला, त्याला पुढच्या वर्षी नव्या पोरांतून आधी निवडायला मिळतं. दुसऱ्यांचा संघ जिंकायचा, गिरीशच्या घरात पोरं यायची. एकेका पोराचं त्यानं कार्ड केलं होतं आणि ती बुटाच्या खोक्यात गावांप्रमाणे लावली होती.

"वाचून दाखवा की," त्याची बायको मीनाक्षी पोळ्या लाटता लाटता म्हणायची.

"वय एकोणीस. उंची सहा फूट दोन. वडील ट्रक चालवतात. डाव्या हाताचा. स्वभाव शांत."

"पत्रिका जुळतेय का बघा. मंडळातल्या बापटांच्या मुलीला सांगून टाकू."

मुलगी अक्षरा तर त्याची नक्कल करण्यात पटाईत. पंधरा वर्षांची पोर, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, घसा खाकरून म्हणायची, "अजून तीन वर्षं थांबा. तीन वर्षांनी बघा हा मुलगा." मग स्वतःच्या आवाजात, "बाबा, तुझा टीम परत हरला. आय चेक्ड."

गिरीश हसायचा. हसणं त्याला परवडत होतं, कारण खरी गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. बेसबॉलशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ यशोधन तीन वर्षं त्याच्याकडे, मागच्या पिटुकल्या खोलीत राहिला आणि अठ्ठ्याण्णव साली फ्लोरिडात टॅम्पाला गेला. त्याच वर्षी तिथे ही टीम जन्माला आली. भाऊ गेल्यावर गिरीशनं पेपरात त्या गावाचं नाव शोधलं, तर ते फक्त खेळाच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत सापडलं. तेव्हापासून तो कोपरा त्यानं सोडला नाही.

दर रविवारी संध्याकाळी सहाला यशोधनचा फोन. वॉटफर्डला चहा, तिकडे दुपारचं जेवण.

"यशा, तुमचा तो नवा थर्ड बेसवाला पाहिलास का?"

"दादा, इथे कोणी मॅचला जात नाही रे. अर्धं स्टेडियम रिकामं असतं."

"किती लांब आहे तुला?"

"पंधरा मिनिटं."

पंधरा मिनिटं. गिरीश फोन ठेवून तेवढाच शब्द घेऊन बसायचा. त्याच्या डोळ्यांसमोर दोन खुर्च्या यायच्या, छताखाली, तिसऱ्या बेसच्या अंगाला. एकीवर यशा. दुसरीवर तो स्वतः, कुठला पोरगा कोणत्या गावचा ते समजावून सांगत. एकदा यशानं "ये" म्हणायला हवं होतं. बस, तेवढंच.

यशा म्हणत नव्हता. कधी "इकडे आंबे बरे मिळतात" म्हणे, कधी "मागची खोली रंगवली" म्हणे. पण ये म्हणून नाही. आणि बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे गिरीशच्या हाडात मुरलेलं. मग दारावरची पाटी सख्ख्या भावाची का असेना.

"मी शिल्पाला विचारलं," मीनाक्षी एकदा म्हणाली. शिल्पा म्हणजे धाकटी जाऊ. "ती म्हणते, यशोधन भाऊजी म्हणतात, दादाला आमंत्रण कशाला? मोठा भाऊ आहे, घर त्याचंच आहे. आमंत्रण द्यायला तो काय पाहुणा आहे? उलट त्याचा अपमान होईल."

"असं म्हणाला?"

"त्यांना वाटतं तुम्हालाच वेळ नाही. तुम्हाला वाटतं त्यांना नकोय. दोघं मायदेव, दोघं शहाणे. करा की फोन, सांगा येतोय."

"बघू. टीम जरा वर येऊ दे. तेवढं निमित्त होईल."

आणि दोन हजार आठ साली टीम वर आली. खोक्यातली कार्डं एकेक करून मैदानात उतरली. शांत स्वभावाच्या लेफ्टीला दाढी आली. ऑगस्टपर्यंत टॅम्पा अव्वल. कीथसुद्धा, आता सगळं कळलेला, म्हणाला, "गॅरी, युअर लॉट आर फ्लाइंग." गिरीशला आनंद झाला, आणि थोडं चोरीला गेल्यासारखंही वाटलं. ज्या पोरांना तो त्यांच्या सतराव्या वर्षापासून ओळखत होता, त्यांची नावं आता हजारो लोक एका सुरात ओरडत होते.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सहाला फोन वाजला नाही. सातला वाजला. मागे प्रचंड गलका.

"दादा, ओळख कुठे आहे मी."

"कुठे?"

"तुझ्या पोरांकडे. लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतायत. शेजारच्या आजीबाईंनी खेळाडूंसारखा केसांचा तुरा केलाय. आता जो बॅट घेऊन आलाय तो कोण?"

गिरीशनं धावत जाऊन कॉम्प्युटरवर रेडिओ लावला. त्याचा आवाज अर्धं मिनिट मागे होता. यशाच्या कानात टाळ्या पडून गेल्यावर त्या वॉटफर्डला पोचत होत्या. तरी गिरीश बोलत सुटला: हा कुठला, ह्याचा खांदा कधी दुखावला, त्याची आई शाळेत शिकवते. यशा "अच्छा, अच्छा" करत होता.

"तिकडे कोण आहे बरोबर?"

"कोणी नाही. शिल्पा घरी खोकी भरतेय." मग म्हणाला, "आमचं इथलं ऑफिस बंद होतंय दादा. मला सिएटलला पाठवतायत. येत्या शनिवारी ट्रक येतोय. म्हटलं जायच्या आधी एकदा तरी दादाची टीम बघावी."

कॉम्प्युटरमधून मघाच्या टाळ्या आल्या. गिरीशला त्या कशासाठी होत्या ते आठवेना.

"बाजूची खुर्ची रिकामी आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. दोन तिकिटं काढली होती. सवयीनं."

"कसली सवय? तू पहिल्यांदा गेलायस."

"मनात पुष्कळदा गेलोय," यशा म्हणाला. "दर वर्षी वाटायचं, ह्या उन्हाळ्यात दादा येईल. मग म्हणायचो, त्याच्याबरोबरच जाऊ, एकट्यानं काय बघायचं."

स्वयंपाकघराच्या दारात मीनाक्षी उभी होती, हातातलं फडकं तसंच. गिरीशनं तिच्याकडे पाठ केली.

"यशा, मला ये म्हण."

"असं कसं म्हणू? तू मोठा आहेस."

"मोठा आहे म्हणून सांगतोय. म्हण."

"ये," यशा म्हणाला. "सिएटलला ये. इथलं तर राहिलंच आपलं. तिथेही टीम आहे म्हणतात, बरी आहे का?"

"तळाला आहे."

"मग तुझ्याच कामाची."

"माझ्याकडे तिथलं एकही कार्ड नाही रे. एक पोरगा माहीत नाही."

"मलाही नाही. आपण दोघं नुसते बघत बसू."

गिरीश हो म्हणाला. पण फोन ठेवेना, यशाही ठेवेना. बोलणं संपलं होतं. तिकडे टॅम्पाची पोरं जिंकत होती, शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि वॉटफर्डच्या घरात जिन्याच्या पायरीवर बसून गिरीश शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत त्या खुर्चीच्या बाजूचा आवाज ऐकत राहिला.