खिडकीसमोरचं शेवाळ

आमच्या शेजाऱ्यांचा धंदा छपरांवरचं शेवाळ काढण्याचा. सगळे त्यांना खरवडकाका म्हणतात. खरं नाव विचारलं तर पोस्टमनही डोकं खाजवेल. काम मात्र चोख. कोरडा दिवस बघून शिडी लावायची आणि माथ्यापासून खरवडत खाली यायचं. पाण्याचा फवारा मारणाऱ्यांना ते नावं ठेवतात. त्यानं कौलांची साल निघते, म्हणतात. शेवटी माथ्यावर तांब्याची पट्टी ठोकायची. पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत राहिलं की त्या छपरावर पुढे कित्येक वर्षं हिरवं धरत नाही.

त्यांच्या स्वतःच्या पडवीचं छप्पर मात्र गर्द हिरवं होतं. माडीवर काकूंच्या शिवणयंत्रासमोरच्या खिडकीतून तेवढंच दिसायचं. लोक टोमणे मारत, "काका, दुसऱ्यांची टकलं घासता आणि स्वतःच्या घराला केस वाढवता?" काकू मान वर न करता म्हणायच्या, "राहू द्या. ते माझं आहे." काका हसायचे. बायकोला चेष्टेची खोड आहे, हे त्यांनी लग्न झाल्या झाल्याच ठरवून टाकलं होतं.

मग काकू आजारी पडल्या. बरेच दिवस दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच न्या. त्या यायच्या आधी काकांनी यंत्र हलवून खिडकीशी खाट मांडली आणि पडवीवर चढले. जरा दम घ्या, असं मी खालून म्हटलं, तर म्हणाले, "वहिनी, जन्मभर परक्यांची छपरं केली. हिचं तेवढं राहिलं." कौलं नव्यासारखी लाल झाली. पट्टीही त्यांनी दुपदरी ठोकली.

काकू आल्या, उशीला टेकल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. "छान केलंत हो," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी खाट भिंतीकडे फिरवायला लावली. कौलांवरचं ऊन डोळ्यांत जातं म्हणे. काका पाणी आणायला गेले तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, शिवताना डोळे शिणले की तिथे बघायचे. चिमण्या घरट्यासाठी शेवाळ उपटायला यायच्या, आपसांत भांडायच्या. ह्यांच्यापाशी बोलू नका मात्र.

काका पेला घेऊन दारातच उभे होते.

"म्हणजे 'ते माझं आहे' हे तू खरंच म्हणायचीस?"

"मग खोटं कशाला म्हणू?" काकू म्हणाल्या.

त्या दिवशीच काकांनी पट्टी उचकटली. मग रोज गिऱ्हाइकांच्या छपरांवरून शेवाळाचे तुकडे टोपलीत घालून आणायचे, कौलांवर ताक फासून त्यावर ते बसवायचे. तुकडे वाळून गळून पडत. पट्टी होती तेवढ्यात अवकाळी पावसाच्या दोन सरी पडून तांब्याचं पाणी कौलांत मुरलं होतं. "गिऱ्हाइकांना हमी देता ती काही खोटी नाही तुमची," काकू म्हणाल्या, आणि त्या वेळी काकांना हसू आलं नाही. पुढचा पावसाळा बघायला काकू राहिल्या नाहीत.

त्यानंतरही दोन पावसाळे गेले. परवा काकांनी मला वर बोलावलं. पडवीच्या सावलीतल्या कोपऱ्यात, दोन कौलांच्या सांध्यात, नखाएवढं हिरवं धरलं होतं. आम्ही दोघं खिडकीशी ते बघत उभे राहिलो. खाट अजून भिंतीकडेच होती. काकांनी ती ओढत खिडकीशी आणली, चादरीची सुरकुती नीट केली आणि शिडी खांद्यावर टाकून कामाला गेले.