आमटीच्या डावाची बॅटरी

आमच्या घरात एक नियम आहे: "अंधारात बॅटरी गड्याच्या हातात. गडी म्होरं, बायामानसं मागं." का, असं विचारायचं नाही. मी विचारलं. माझे थोरले चुलते, अण्णा, म्हणाले, "तसंच असतंय."

गेल्या वर्षी अण्णांच्या मागून, त्यांच्याच सावलीत चालताना आई ओढ्याच्या उतारावर पडली. मनगट मोडलं. "बघून चालावं मानसानं," अण्णा म्हणाले! कशात बघून? तेव्हाच ठरवलं, चौफेर उजेड पाडणारी बॅटरी आपणच बनवायची आणि ती आईच्या हातात द्यायची. फिजिक्सची पदवी काय शोकेसमध्ये ठेवायला घेतली?

बनवायला बसले आणि किस्से साठायला लागले. सुट्या स्क्रूंसारखे, एक शोधायला डबा उघडावा, तर दहा हाताला लागतात.

*

पहिली खेप पौडला, चाचांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात.

"चाचा, चार्ज होणारी बॅटरी द्या."

चाचांनी चकचकीत टॉर्च पुढे केला.

"हा नको हो. आतली बॅटरी."

"आतला त्यो सेल. ही बॅटरी. मग सेल म्हन की! आन सेलचं काय करनार?"

"बॅटरी बनवणार."

"मग ही घे ना. बनवलेलीच हाय!"

*

पहिलं मॉडेल प्लास्टिकच्या पाइपचं. एलईडी इतका तापला की पाइप मऊ पडून हळूहळू वाकला. उजेड थेट माझ्या पायांवर!

अण्णा दारातून बघत होते. "लाजली बघा! पोरीपरीस बॅटरीला वळन हाय."

मी सायकलच्या जुन्या पंपाची लोखंडी नळी कापायला घेतली. ती लाजत नाही.

*

उजेड पसरवायला एक खोलगट, लखलखीत वाटी हवी होती. विकतचे रिफ्लेक्टर उजेड लांब फेकतात, पण अरुंद. मागच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

जेवायच्या वेळी आईची हाक आली. "आमटीचा डाव कुटं गेला?"

दांडा माझ्या टेबलावर होता. वाटी बॅटरीत, बुडाला भोक पाडून.

त्या दिवशी आईनं आमटी कपानं वाढली. "माझा डाव परत मिळंल का न्हाई?"

"मिळेल. तुझ्याच हातात येईल."

भिंतीवर उजेड पाडला, तर मधोमध काळा ठिपका!

"दे दान, सुटे गिरान!" अण्णा ओरडले.

मी एलईडीखाली पुठ्ठ्याची चकती सरकवली. ठिपका मिटला. काढली, परत उमटला. कितीतरी वेळ तेच करत बसले. एका पुठ्ठ्याच्या जाडीवर ग्रहण लागतं आणि सुटतं, हे कुणी सोडून देईल का?

*

मग बटण. मुळशीची हवा ती! दमट. बटणाच्या फटीतून पाणी शिरलं आणि बॅटरी बंद. पुन्हा केली, पुन्हा बंद. अण्णा भुकूमला कुणाला तरी जमीन दाखवायला गेले होते, म्हणून घरात शांतता होती.

आई जवळ बसून बघत होती. "लोनच्याच्या बरनीला कुटं बटन असतंय? झाकान आवळलं की पानी जात न्हाई."

मी पंपाच्या नळीकडे पाहिलं. तिला खाली आट्याची टोपी होतीच! टोपी आवळली की सेल टेकतो, उजेड लागतो. सैल केली की बंद. आईनं चारदा करून पाहिलं आणि हसली.

*

परवा ओढ्यापलीकडच्या वाडीत आत्याच्या नातवाचं बारसं होतं. दिवसभर लाइट नव्हती. परतताना अंधारलं, तेव्हा सगळ्यांचे मोबाइल मेलेले, अण्णांची बॅटरीही. पुढे अण्णा आणि त्यांचे दोन चुलतभाऊ, मागे आई आणि मी, नवी बॅटरी माझ्या पिशवीत.

उतारापाशी अण्णांनी हात मागे केला. "तुजी आन हिकडं."

मी दिली. त्यांनी वरून चाचपली, खालून चाचपली.

"बटन कुटं हाय?"

एका काकांनी घेतली, हलवली, तळहातावर आपटली. दुसऱ्यांनी फुंकर मारली. बॅटरी फिरून अण्णांच्या हातात.

"सांग की गं!"

"नाही सांगणार."

"लई झालं हां. गडी म्होरं..."

"गडी पुढे गेला की आई सावलीत जाते. मी सांगणार नाही, आणि आज तुमच्या मागून चालणारही नाही."

अण्णांनी बॅटरी पुन्हा उलटीसुलटी करून पाहिली.

माझ्या बाजूनं आई पुढे झाली.

"अण्णा, द्या हिकडं. डाव माझा हाय."