ठसेबाई आणि आईचं अर्धं वाक्य

ध्वनिसंग्रहालयात तिला सगळे ठसेबाई म्हणायचे, तेही तोंडावर. जुनी भाषणं, मुलाखती फाईल होऊन आल्या की त्यांचा हॅश काढायचा, हे तिचं काम. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा. फाईल तासाची असो की मिनिटाची, ठसा चौसष्ट अक्षरांचाच, आणि कुठल्याही प्रोग्रॅमने काढला तरी तोच. आतला एक श्वास जरी बदलला तरी ठसा पार वेगळा. ठसे काढणारा प्रोग्रॅम तिनेच सी भाषेत लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

नऊ वर्षांपूर्वी दादाने आईला तासभर बोलतं केलं आणि ते रेकॉर्डिंग हिला पाठवलं. हिने ऑफिसात बसून आधी काय केलं? ठसा काढला, चिठ्ठीवर उतरवला, चिठ्ठी पर्समध्ये टाकली. ऐकलं नाही. म्हणाली, "सावकाश ऐकू. आई कुठे पळून चाललीय?"

त्याच हिवाळ्यात आई गेली. रेकॉर्डिंग ऐकायचा धीर होईना. धीर झाला तोवर ज्यावर ते होतं ती ऑफिसातली डिस्कच बसली.

मग दादाने त्याच्याकडची प्रत दिली. आई हसत होती, शेजारणींची उणीदुणी काढत होती आणि शेवटी म्हणाली, "आणि धाकटीला सांग, की..." पुढे काहीच नाही. धाकटी म्हणजे हीच. तिचा प्रोग्रॅम ऑफिसात, म्हणून तिने घरीच बाजारात मिळणाऱ्या नव्या टूलने प्रतीचा ठसा काढून चिठ्ठीशी ताडला. जुळला नाही.

"दादा, शेवट कापलायस तू."

"मी कशाला कापू? मला साधी केळी धड कापता येत नाहीत!"

"ठसा खोटं बोलत नाही."

"मग भाऊ खोटं बोलतो म्हण ना सरळ!"

सहा वर्षं हेच. तिने दादाची कपाटं उपसली, जुन्या मोबाईलची कार्डं मागवली. वहिनी म्हणायची, "वन्सं आल्या की आमच्या घराची आपोआप साफसफाई होते." तिला राग यायचा नाही. ठसा जुळत नाही, म्हणजे खरी फाईल वेगळी, लांब. कुठेतरी आईचं वाक्य पुरं झालेलं आहे. या एका आशेवर ती रोज डबा घेऊन कामावर जायची.

गेल्या सोमवारी साहेब धावत आले.

"ठसेबाई, घात झाला! नव्या टूलने जुना संग्रह तपासला. शंभरातली नव्व्याण्णव रेकॉर्डिंग्ज जुळत नाहीत. कुणीतरी आत फेरफार केलेत!"

तिने स्वतःचा जुना प्रोग्रॅम उघडला. शेजारची चष्मेवाली इंजिनिअर खुर्ची सरकवत आली. फाईल एका दमात वाचत नाहीत. चार हजार शहाण्णव बाइटांच्या डब्यात भरून वाचायची, आणि दर खेपेला ठसा काढणाऱ्या तयार फंक्शनला सांगायचं, हा डबा घे, यात इतके बाइट आहेत.

"बाई," चष्मेवालीने पडद्यावर बोट ठेवलं, "तुम्ही दर खेपेला डब्याचं माप सांगितलंय. आत किती आलं ते नाही. शेवटचा डबा अर्धाच भरतो ना? उरलेल्या जागेत आधीच्या खेपेचा गाळ असतो. तोही ठशात गेला."

ठसेबाईने ती ओळ पुन्हा वाचली. अशी चूक तर शिकाऊ करतात.

"म्हणजे फाईली शाबूत आहेत?" साहेबांनी विचारलं.

"शाबूत. चूक माझ्या ठशांत आहे. जुन्याच प्रोग्रॅमने तपासा, सगळे जुळतील."

खरंच जुळले. साहेबांनी अख्ख्या मजल्याला चहा सांगितला. चष्मेवालीने टाळ्या वाजवल्या. ठसेबाईने मात्र पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, दादाची प्रत त्याच चुकलेल्या प्रोग्रॅमला दिली आणि चिठ्ठी शेजारी धरली. पहिली चार अक्षरं जुळली. मग आठ. पुढे ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली, एखादं तरी चुकावं म्हणून. चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"दादा, तू काही कापलं नव्हतंस."

"सहा वर्षं घसा कोरडा केला गं मी."

"मग वाक्य अर्धं का?"

"रेकॉर्डरची बॅटरी गेली. साधी गोष्ट."

"आणि तू तिला विचारलं नाहीस, काय सांगायचं होतं ते?"

"विचारलं की. म्हणाली, असू दे, रविवारी फोनवर सांगेन तिला."

"हे मला आज सांगतोस?"

"तू विचारलंस कधी? तू नुसती 'कापलंस, कापलंस' करायचीस."

ठसेबाई पायरीवर बसली. आई दर रविवारी फोन करायची. ही फोन खांद्याला लावून कपडे वाळत घालायची, भांडी आवरायची, अधूनमधून "हो गं, हो" म्हणायची.

"दादा, म्हणजे तिने मला ते सांगितलंय."

"सांगितलंच असणार. आई काही पोटात ठेवणाऱ्यांतली नव्हती."

"मग मला आठवत का नाही रे?"

दादाने फोन तसाच धरून ठेवला. वरून साहेब चहा निवतोय म्हणून हाका मारत होते, आणि ती डोळे मिटून त्या सगळ्या रविवारांत एकेक करून आईचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करत होती.