ओपलच्या घरची घंटा

कटलर्स फोर्कमधले सगळे फोन वर्ना स्टोडर्ड जोडायची. धरण फुटलं त्या सकाळी ती खुर्चीवरून हलली नाही. एकेका घरी घंटा वाजवून ओरडत राहिली, "टेकडीवर पळा!" एकोणचाळीस घरांतली माणसं वाचली. एका घरातली बाई गेली.

त्या पराक्रमापायी आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या टेलिव्हिजनवाल्यांनी तिला खेळात बोलावलं. पाहुण्यानं आपलं गुपित पोटात ठेवायचं आणि चौघा बड्या मंडळींनी प्रश्न विचारून ते काढून घ्यायचं. वर्नाच्या आधी नाकानं बाजा वाजवणारा एक न्हावी होऊन गेला.

मोत्यांची माळ घातलेल्या बाईंनी वर्नाचं गुपित ओळखलं. मग हसत विचारलं, "घाईत एखादं घर राहिलं नाही ना हो?"

वर्ना खोटं बोलणाऱ्यातली नव्हे. पण डोळ्यांवर दिवे, समोर कौतुकानं बघणारे लोक. तोंडून निघून गेलं, "नाही. एकही नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

खरी गोष्ट अशी. आमच्याकडे एका तारेवर सहा घरं, प्रत्येकाची घंटा वेगळी, पण वाजायची सहाही घरांत. शेजाऱ्याची वाजली की आपण हळूच उचलून ऐकायचं, हा गावचा धर्मच. त्यात वर्नाची मैत्रीण ओपल टीग सर्वांच्या पुढे. म्हणून वर्नानं ओपलच्या शेजारणीची घंटा वाजवली आणि ओपलची गाळली. ती ऐकणारच, तेवढाच वेळ वाचेल. चारच दिवसांपूर्वी आपण तिला झापलं होतं, हे त्या गडबडीत ती विसरली. "दुसऱ्यांचं बोलणं ऐकतेस, लाज कशी वाटत नाही गं तुला?"

ओपलला लाज वाटली होती. तिनं फोन उचलला नाही.

वर्ना गावी परतली, तर पायरीवर ओपलचा नवरा एमेट हातात टोपी घेऊन उभा.

"दुकानातल्या टीव्हीवर बघितलं तुला," तो म्हणाला. "मी त्या सकाळी घरी नव्हतो. आठ वर्षं वाटायचं, आमच्याकडे तू वाजवलंच नाहीस. मनातल्या मनात फार शिव्या घातल्या गं तुला. माफ कर. तू वाजवलंस, तिनंच उचलला नाही. हट्टी बया! तुझ्यावर रुसली होती ना."

वर्नानं त्याला आत बोलावून कॉफी दिली.

तेव्हापासून दर रविवारी एमेट यायचा, बायकोच्या हट्टीपणावर चिडायचा आणि रडून जायचा. तो गेला की वर्ना फोन जोडायच्या बोर्डासमोर बसून कधीच तुटलेल्या त्या तारेवर ओपलची घंटा द्यायची. दोन लांब, एक आखूड.

"उचल गं," ती म्हणायची. "मी बोलले ते चुकलं माझं."