विरोधी बाजूचा परिच्छेद

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला शोधनिबंध कसा लिहायचा हे शिकवणारा एक वेगळा विषय होता. तो शिकवणाऱ्या सरांची धारवाडभर ख्याती होती की ते वादात कुणाला हार जात नाहीत. मी मळमड्डीत एका निवृत्त मामलेदारांच्या घरी मागच्या खोलीत राहत होते आणि तिथून बसने विद्यापीठात जात होते. माझं गाव अळणावरजवळ. घरी शेती, घरची भाषा मराठी. विद्यापीठात मात्र सगळं कन्नडमध्ये चालायचं आणि निबंधही कन्नडमध्येच लिहायचा होता.

पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला एकेक मत सांगायला लावलं. मी म्हणाले, मुलांनी सुरुवातीला आईच्या भाषेत शिकावं.

"चांगलं आहे. आता पाच मिनिटं याच्या उलट बोल," सर म्हणाले.

मी अर्ध्या मिनिटात गप्प झाले. वर्गात कुणी हसलं नाही, कारण माझ्या आधीच्या सगळ्यांचीही हीच गत झाली होती.

"समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे," सर म्हणाले. "ते येत नाही तोवर तुमच्या मताला मी मत म्हणत नाही. हट्ट म्हणतो."

मला ते फार पटलं. आमच्याकडे गावात वाद म्हणजे कोणाचा आवाज चढा एवढंच असायचं. इथं पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की, आधी दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बघ. मी वही भरभरून टिपणं काढायची. सरांच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची.

निबंधाचा विषय मी आमच्या गावची मराठी शाळा हाच घेतला. एक खोली, पाच इयत्ता, वीसही मुलं नव्हती, आणि शिकवायला एकच बाई. शाळा बंद करून मुलांना मोठ्या कन्नड शाळेत पाठवणार, अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. ती बंद होऊ नये हे मला सिद्ध करायचं होतं. मी त्याच खोलीत शिकले होते, याच बाईंच्या हाताखाली. पुढे कन्नड हायस्कुलात मी मागे पडले, तेव्हा दर रविवारी अळणावरच्या आपल्या घरी बोलावून मला कन्नड वाचायला बसवणाऱ्याही त्याच. मराठी शाळेच्या बाई, पण माझं कन्नड त्यांनीच सुधारलं.

अभ्यासासाठी मी दोन दिवस शाळेत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई पायरीवर हजेरीपट घेऊन बसल्या होत्या. मी वही उघडून शेजारी बसले. तेव्हा त्यांची निवृत्ती पाच-सहा वर्षांवर आली असेल. केस पांढरे झाले होते आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागत होता.

"माझ्याच्यानं होत नाही गं आता," त्या म्हणाल्या. "पहिलीला अक्षरं गिरवायला बसवावं तर पाचवी नुसती बसून राहते. पाचवीचं गणित घ्यावं तर पहिली रडायला लागते. त्यात तालुक्याला मीटिंग असली की त्या दिवशी शिकवणं बंदच. कधीकधी वाटतं, मी या पोरांचं नुकसानच करतेय."

"बाई, हे लिहिलं तर चालेल?"

"लिही की. अभ्यासासाठीच आलीयस ना तू."

पहिला खर्डा सरांना दाखवला. त्यांनी बराचसा ठीक आहे म्हटलं, पण विरोधी बाजूच्या पानावर आडवी रेघ मारली.

"नोडवा, बघ इकडे," ते म्हणाले. "हा तुझा विरोधक आहे की शेतातलं बुजगावणं? एका धक्क्यात पडतोय. असल्याला पाडून तुला काय मिळणार? याच्यात जीव घाल. तुझ्या स्वतःच्या अंगावर आलंय ते याला दे."

मी खोलीवर येऊन ते पान पुन्हा लिहायला घेतलं. आणि मला आठवायला लागलं. हायस्कुलातले पहिले दिवस. अळणावरच्या बाजारात मी कन्नड फडाफडा बोलायची, पण विज्ञानाचं पुस्तक हातात आलं की अक्षरावर बोट ठेवून सरकावं लागायचं. तिथल्या मास्तरांनी उभं करून धडा वाचायला सांगितलं की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्यांना वाटलं मला कमी ऐकू येतं. त्यांनी मला पुढे बसवलं, मग मंद समजून पुन्हा मागे बसवलं. दोन वर्षं मी त्या मागच्या बाकावर काढली. हे सगळं मी लिहिलं. चौथीत असताना बाई मीटिंगला गेल्या की मीच हातात पट्टी घेऊन पहिलीच्या मुलांपुढे उभी राहायची, तेही लिहिलं. आणि शेवटी बाईंचं वाक्य, त्यांच्या शब्दांत: मी या मुलांचं नुकसानच करते आहे.

परिच्छेद एका बैठकीत झाला. त्याच्यापुढे मी चार पानं त्याचं खंडन केलं: शाळेत दुसरी शिक्षिका द्या, कन्नड पहिलीपासून नीट शिकवा, चूक भाषेची नाही, दुर्लक्षाची आहे. त्या चार पानांना मला आठवडा लागला.

सरांनी वर्गात माझा निबंध वाचून दाखवला. खरं तर तेवढा परिच्छेदच. "याला म्हणतात प्रामाणिकपणा," ते म्हणाले. वर्गात सगळ्यात जास्त गुण मला मिळाले. ज्या भाषेत मला उभं राहून वाचता येत नव्हतं, त्या भाषेतलं माझं लिखाण सर वर्गाला ऐकवत होते. मी त्या दिवशी घरी फोन करून वडिलांना, अप्पांना, सांगितलं. निबंधात नेमकं काय आहे ते अप्पांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी अप्पांचा फोन आला. शाळेबद्दल ठरवायला शिक्षण खात्याचे साहेब गावात येणार होते. "सगळ्यांनी ठरवलंय, तू बोलायचं," अप्पा म्हणाले. "तुझा अभ्यासच आहे ना त्यातला."

मी गेले. निबंधाच्या चार प्रती काढून नेल्या होत्या. शाळेच्याच खोलीत सभा होती. मुलांच्या बुटक्या बाकांवर बायाबापडे गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अप्पा पुढे होते. बाई दाराशी खुर्चीवर.

साहेब शांत माणूस होते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, खात्याने तज्ज्ञांची समिती नेमली होती, तिचा अहवाल आला आहे, त्यातला थोडा भाग वाचतो. आणि त्यांनी कन्नडमध्ये वाचायला सुरुवात केली.

पहिल्या ओळीलाच मी ओळखलं. स्वतःचं वाक्य ओळखायला वेळ लागत नाही. बाजारात फडाफडा बोलणारी मुलगी, अक्षरावरचं बोट, मागचा बाक. मग पट्टी घेऊन उभी असलेली चौथीतली पोर. मग बाईंचं वाक्य. शेवटी त्यांनी संदर्भही वाचला. याच गावच्या, याच शाळेच्या विद्यार्थिनीचा विद्यापीठातला शोधनिबंध, आणि माझं नाव. संदर्भ अगदी नियमाप्रमाणे दिलेला होता. तसाच द्यायला आम्हाला शिकवलं होतं.

खोलीतले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. फक्त बाईंनी मान खाली घातली.

मी उभी राहिले. "साहेब, हे माझंच आहे. पण ही विरोधी बाजू आहे. याच्या पुढे चार पानं आहेत, त्यात मी याला उत्तर दिलंय."

"असेल," साहेब म्हणाले. "पण मी वाचलं ते खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"हायस्कुलात तुमच्या बाबतीत असं झालं होतं ना?"

"झालं होतं."

"बाईंनी असं म्हटलं होतं?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी वर बघितलं नाही.

"म्हटलं होतं," मी म्हणाले.

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि अहवाल मिटला.

त्यापुढे मी बोलले, बरंच बोलले. पण ती चार पानं तोंडी सांगताना ती किती पातळ आहेत ते माझं मलाच ऐकू येत होतं. दुसरी शिक्षिका द्या, मी म्हणाले. कुठून देऊ, साहेबांनी विचारलं. त्याला माझ्या निबंधात उत्तर नव्हतं. घरी परतताना अप्पा वाटेत एवढंच म्हणाले, "तू कुणाच्या बाजूनं लिवलंतीस गं?" मी समजावून सांगायला लागले की शोधनिबंधात दोन्ही बाजू द्याव्या लागतात. ते ऐकत चालले. दोन्ही बाजू म्हणजे काय, हे मला त्या माणसाला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. समितीवर ते स्वतः होते. त्यांनी ते नाकारलं नाही.

"मी पूर्ण निबंध दिला होता," ते म्हणाले. "त्यांनी हवं ते उचललं."

"तुम्ही सांगायचं होतंत की तो माझा मुद्दा नाही."

"सांगून काय होतं? कागदावर तोच मुद्दा जास्त ताकदीचा होता. तुझं खंडन कच्चं आहे. मी तेव्हाच शेऱ्यात लिहिलं होतं."

"मग एवढे गुण कसे दिलेत?"

"लिखाणाला दिले," सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाईट वाटून घेऊ नकोस. एखाद्याचा पहिलाच निबंध धोरणात वापरला जातो, असं किती जणांचं होतं?"

ते टोमणा मारत नव्हते. मनापासून म्हणत होते, आणि मला तेच सहन झालं नाही. मी उठून आले. खोलीवर निबंध उघडून पाहिला. खंडनाच्या दुसऱ्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: भावना आहे, पुरावा नाही. गुण बघण्याच्या नादात मी ते वाचलंच नव्हतं.

मी खात्याला पत्र लिहिलं, खंडनाची पानं जोडली. पत्र मिळाल्याची पोच आली. पुढे काही आलं नाही.

वर्ष संपल्यावर शाळा बंद झाली. बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका कन्नड शाळेत झाली, तिथे त्यांना ठरलेला वर्ग नव्हता, जो शिक्षक रजेवर असेल त्याचा वर्ग त्या सांभाळायच्या. माझ्या भावाची मुलगी बसने मोठ्या शाळेत जाते. ती कन्नड पुस्तक घडाघडा वाचते, तिला मागच्या बाकावर कुणी बसवलेलं नाही. मराठी तिला बोलता येतं, वाचता येत नाही. तिच्याकडे बघितलं की मला वाटतं, माझा परिच्छेदच बरोबर होता की काय. मग गावातल्या मजुरी करणाऱ्या एका घरच्या दोन मुली आठवतात. त्यांची आई उजाडायच्या आत कामाला जाते, त्यांना बसमध्ये बसवायला घरी कुणी नसतं. त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. त्या माझ्या निबंधात कुठेच नव्हत्या. ना त्या परिच्छेदात, ना त्या चार पानांत.

बाई मला एकदाच भेटल्या, दीड-दोन वर्षांनी, धारवाडच्या भाजी बाजारात. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी घेऊ दिली नाही. तब्येत, घर, नोकरी, असं सगळं विचारून झालं. मग मीच विषय काढला. म्हणाले, "बाई, मी तुम्हाला विचारून लिहिलं होतं."

"हो, विचारलं होतंस," त्या म्हणाल्या. "खोटं कुठं लिहिलंस तू? मी म्हटलंच होतं तसं." त्या मिरच्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मी दमले होते गं. दमलेलं माणूस आपल्या माणसाजवळ बोलतं तसं बोलले. तू वही उघडून बसलीयस हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

 त्यांनी रिक्षा थांबवली आणि गेल्या. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

आता मी हुबळीच्या एका कॉलेजात तोच विषय शिकवते. रायापूरला भाड्याने राहते, सकाळी बसने जाते. विरोधी बाजू ताकदीने लिहा, हे मी मुलांना सांगते, कारण ते खरंच आहे आणि अभ्यासक्रमातही आहे. कुणी चांगली लिहिली की गुण देते. मागच्या आठवड्यात एका मुलीने तिच्या वडिलांबद्दल लिहिलं, तारिहाळच्या कारखान्यात त्यांचा हात कसा निकामी झाला आणि चूक त्यांची स्वतःचीच कशी होती असं मालकाच्या बाजूने. फार सुरेख लिहिलं होतं. मी तिला बोलावून विचारलं, "वडिलांनी हे वाचलंय का?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. "त्यांना कशाला दाखवायचं?"

मी तो निबंध तिला परत दिला आणि म्हणाले, आधी त्यांना वाचून दाखव, मग माझ्याकडे आण. तिने अजून तो आणलेला नाही.